जुळे सोलापुरातली चिमी आणि पाडव्याचा नवा सोफा: नखांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं सोलापुरात सोफा-कुशनचं काम आहे, मिस्टर आणि मी दोघं मिळून बघतो, आणि दुकानाच्या मागच्या अंगणात गेली कित्येक वर्षं मांजरांचं येणंजाणं आहे, म्हणजे कुणीतरी पिल्लं आणून ठेवतं, आम्ही वाढवतो, चांगलं घर बघून देतो. त्यामुळं मांजरानं फाडलेला सोफाही माझ्याकडं येतो आणि सोफा फाडणारं मांजरही माझ्याकडंच परत यायला निघतं. हे प्रकरण अशाच एका घराचं आहे. नावं बदललीत, घरच्यांना सगळं वाचून दाखवलंय, त्यांनीच लिही म्हटलं.

घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. घरात सासरे, त्यांना सून मामा म्हणते, सासू म्हणजे आत्या, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. चिमी ही त्यांची मांजर, माझ्याकडूनच गेलेली, दोन महिन्यांची असताना. वेळेवर तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलेलं, लसी झालेल्या, घरातच राहणारी. वर्षभर तिची एकही तक्रार नव्हती. आत्यांना आधी मांजर आवडायचं नाही पण नंतर सकाळी पाचला उठल्या की पहिल्यांदा चिमीशी बोलायच्या, इतकं सगळं छान चाललेलं.

हॉलमध्ये जुना लाकडी दिवाण होता, त्याच्यावर जाडजूड सोलापुरी चादर, दाराशी काथ्याचं पायपुसणं. पाडव्याला मुलानं हप्त्यावर नवा सोफा घेतला, ४२ हजाराचा, राखाडी कापडाचा. दिवाण भंगारवाल्याला गेला, चादर धुऊन माळ्यावर, आणि सोफ्याला शोभेल असं रबरी पायपुसणं दारात आलं. ही तीन वाक्यं मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण सगळं प्रकरण याच्यातच आहे आणि ते आम्हाला दीड महिना कुणालाच दिसलं नाही.

त्रास काय होता

चौथ्याच दिवशी सोफ्याच्या उजव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्यावर धागे निघाले. मग रोजच. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा त्या कोपऱ्यावर वीतभर उंचीत कापडाची पार केसाळ झालर झालेली, पायपिंग सुटून आतली दोरी बाहेर लोंबत होती, एका जागी तर बोट आत जाऊन फोमला लागत होतं. खाली फरशीवर पातळ, अर्धपारदर्शक, चंद्रकोरीसारखी टरफलं पडलेली. सूनबाई म्हणाली, "ताई, हे बघा, नखं पण तुटायला लागलीत तिची." नखं तुटली नव्हती. साप कात टाकतो तसा मांजराच्या नखावरचा जुना थर निघतो आणि आत नवं टोकदार नख तयार असतं, पुढच्या पायांचा हा थर काढायला त्याला काहीतरी खरवडावंच लागतं.

हे एकच कारण असतं तर सोपं होतं. मांजर खरवडतं ते अंग ताणायला पण, झोपेतून उठल्यावर पुढचे पाय रोवून अख्खी पाठ ओढून घेतं. आणि तिसरं म्हणजे खूण. त्यांच्या पंज्यात वासाच्या ग्रंथी असतात, तो वास आपल्याला येत नाही पण त्याला येतो, वर ओरखड्यांची दिसणारी खूण, म्हणजे ही जागा माझी. म्हणून ते घराच्या मधोमध, माणसं बसतात तिथं, सगळ्यांत ठळक जागी करतं. लोक म्हणतात नेमका नवाच सोफा मिळतो याला, खुन्नस काढतंय. खुन्नस वगैरे काही नसतं, हॉलमधली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कोणती हे त्याला बरोबर कळलेलं असतं एवढंच.

मुलाचा राग मला समजत होता. अजून दुसरा हप्ता भरायचा होता आणि सोफा दोन वर्षं वापरल्यासारखा दिसत होता. घरात रोज भांडण व्हायला लागलं, मामा एकदा बोलून गेले की हिला पोत्यात घालून मार्केट यार्डाकडं सोडून येतो, नातीनं ते ऐकलं आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही.

मला बोलवायच्या आधी काय काय झालं

चिमीला ओरडणं, पेपर गुंडाळून फटका, पाण्याचा फवारा हे सगळं झालं. याचा परिणाम एवढाच झाला की ती माणसं समोर असताना करायची थांबली आणि रात्री दोनला करायला लागली. आणि मुलगा हॉलमध्ये आला की दिवाणखोलीच्या पडद्यामागं लपायला लागली, आधी हीच त्याच्या मांडीवर झोपायची.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून सोफ्याच्या फटीत डांबर गोळ्या टाकल्या आणि हातावर निलगिरीचं तेल पुसलं. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी हातातलं काम टाकून निघाले. डांबर गोळी मांजराला विषारी आहे, निलगिरी तेल, कापूर, फिनेल हेसुद्धा, कारण ते पंजाला लागतं आणि मांजर पंजा चाटूनच साफ करतं. त्याच्या यकृताला अशा गोष्टी पचवून बाहेर टाकायला नीट जमत नाही. मिरचीपूड टाकायचंही ठरत होतं, ती तर डोळ्यात जाते. गोळ्या सगळ्या शोधून काढल्या, सोफ्याखालून एक निघाली ती सगळ्यात शेवटी, हात घालून घालून.

तिसरी गोष्ट आत्यांनी केली, आणि आत्यांनी अगदी चांगल्या मनानं केली. माळ्यावरची सोलापुरी चादर काढून सोफ्यावर टाकली, खाली कापड तरी वाचेल म्हणून. त्या दिवसापासून त्रास दुप्पट. चादरीचं सूत जाड, वीण उठावदार, नख असं रुततं की बस. चिमी आता दोन्ही हातांवर चढली आणि चादरीतून खालचं कापडही जायला लागलं.

चौथं, ऑनलाइन मांजरानं खरवडायचा एक खांब मागवला, सव्वा फुटाचा, त्याच्यावर बॉल लटकलेला. हॉलमध्ये बरा दिसत नाही म्हणून बाल्कनीत ठेवला. पश्चिमेची बाल्कनी, एप्रिल महिना, आपल्याकडचं ऊन सांगायला नको, दुपारी तिथं फरशीवर पाय टेकवत नाही. चिमी एकदा गेली, पंजा लावला, खांब हलला, परत गेली नाही. त्यावर घरातल्यांचं मत असं झालं की "हिला खांब आवडत नाही."

समोर कुठले पर्याय होते

मी गेले त्या संध्याकाळी सगळे बसलो आणि एकेक पर्याय बोललो.

पहिला मुलाचा. नखंच काढून टाकायची, परदेशात करतात म्हणे. मी त्याला माझ्या बोटावर दाखवलं. हे नखाचं ऑपरेशन नाही दादा, बोटाचं शेवटचं हाड इथून, या पेरातून कापून काढतात, प्रत्येक बोटाचं. पुढं आयुष्यभर चालताना दुखू शकतं, शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये पाय टाकायला दुखतं म्हणून काही मांजरं घरभर लघवी करायला लागतात, नख नाही म्हणून चावायला लागतात. इंग्लंडमध्ये बंदी आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं २०१९ ला बंद केलं, आणि आपल्याकडं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे ज्यात जनावराचा अंगभंग करणं गुन्ह्यात येतं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही फोनवर सरळ नाही म्हटलं. मुलगा वाईट नाही, त्याला खरंच वाटत होतं की आपण कापतो तशी नखं कापायची असतात. पेरावर बोट ठेवून दाखवल्यावर तो विषय संपला.

दुसरा मामांचा, सोडून येणं. वर्षभर घरात, कूलरच्या वाऱ्याला झोपलेलं मांजर यार्डात दोन दिवस काढत नाही, कुत्री असतात, ट्रक असतात. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडणं हेही त्याच कायद्यात गुन्हा आहे. मी मामांना एवढंच म्हटलं, ठेवायचीच नसेल तर माझ्याकडं द्या, बाहेर नको, पण आधी मला सहा आठवडे द्या. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सहा म्हणजे सहाच."

तिसरा पर्याय माझ्या धंद्यातला. कापड बदलणं. हे मी करू शकत होते आणि मला पैसेही मिळाले असते. सैल विणीची, जूटसारखी, गाठीगाठीची कापडं मांजराला फार आवडतात कारण नख अडकून कर्रकन ओढता येतं. घट्ट विणीचं, गुळगुळीत मायक्रोफायबर किंवा आखूड लवेचं वेलवेट घेतलं तर नखाला पकड मिळत नाही, ते बरंच टिकतं. पण मांजराला दुसरी जागा न देता नुसतं कापड बदललं तर ते पलंगाकडं वळणार, हे मी आधी दोन घरात बघितलंय. म्हणून कापड शेवटी.

चौथा, दोन्ही बाजूंनी चिकट टेप. मांजराला पंजाला चिकट लागलेलं आवडत नाही, हे खरं आहे. पण सोलापूरची धूळ आणि मे महिना, दोन दिवसांत टेपवर मातीचा थर बसतो आणि गोंद वितळून कापडावर डाग राहतो, तो काढायला मलाच लोक बोलावतात. त्याऐवजी डायनिंग टेबलवर टाकतो तसलं जाड पारदर्शक प्लास्टिक वापरायचं ठरलं.

पाचवा, तिला हक्काची जागा द्यायची. हेच करायचं हे माझ्या मनात होतं, पण कुठं आणि कशाची हे कळत नव्हतं.

नेमकं कुठं कळलं

नातीला मी एक काम दिलं होतं, आठ दिवस वहीत लिहायचं, चिमीनं कधी, कुठं, कसं खरवडलं. पोरीनं इतकं मनापासून लिहिलं की काय सांगू. त्यात तीन वेळा ठळक निघाल्या. पहाटे आत्या उठल्यावर, दुपारी कूलरसमोरची झोप झाल्यावर, आणि संध्याकाळी बाबा ऑफिसवरून आल्यावर लगेच. प्रत्येक वेळी उभ्यानं, पूर्ण ताणून, आणि जवळजवळ नेहमी उजवा हात.

उजवाच का, हे विचारताना सूनबाईनं मोबाइलमधले जुने फोटो दाखवले, चिमी लहान असतानाचे. एका फोटोत चिमी दिवाणाच्या पायाशी उभी, दोन्ही पंजे लोंबणाऱ्या चादरीत. त्याच जागी आता सोफ्याचा उजवा हात होता. दुसऱ्या फोटोत काथ्याच्या पायपुसण्यावर. म्हणजे ती वर्षभर रोज खरवडतच होती, दिवाण जुना आणि पायपुसणं पायपुसणंच म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पाडव्याला तिच्या दोन्ही जागा एका दिवसात गेल्या. आणि नंतर आत्यांनी तिची स्वतःची, तिच्या ओळखीची चादर आणून सोफ्यावर टाकली, तिला वाटलं असणार जागा परत मिळाली.

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हे ऐकून. त्या म्हणाल्या, "अगं, मी तिला रोज शिव्या घातल्या की."

काय केलं

खांब आमच्या दुकानात बनवला. जुन्या हातमागाचा लाकडी रूळ भंगारात मिळाला होता, चार इंच जाडीचा, तो तीन फुटांचा कापला, कारण मांजराला पूर्ण ताणता आलं पाहिजे, सव्वा फुटात ते होत नाही. खाली दोन बाय दोन फुटाचं प्लाय, त्याच्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा, वजनाला. मी स्वतः अंग टाकून बघितला, हलला नाही. खांब एकदा जरी डुगडुगला तरी मांजर त्याच्यावर परत विश्वास ठेवत नाही.

दोरी घायपाताची घेतली, आठ मिलिमीटरची, एवढ्या खांबाला सुमारे ४० मीटर लागली, वेढे एकमेकांना ठोकून ठोकून घट्ट. नायलॉन घेऊ नका, गुळगुळीत असते, नख घसरतं. आणि दोरीच्या वरून, वरच्या दोन फुटांवर, तीच चादर, न धुता, ताणून बसवली. स्टेपल फक्त वरच्या टोकाला आणि मागच्या शिवणीवर, जिथं पंजा लागणार नाही.

खांब सोफ्याच्या उजव्या हाताला अगदी चिकटून ठेवला. मुलाला हे अजिबात पटत नव्हतं, हॉलच्या मधोमध हे काय म्हणून. पण जुनी जागा तीच होती. सोफ्याच्या दोन्ही हातांना प्लास्टिक, मागच्या बाजूनं पिना मारून. दारात परत काथ्याचं पायपुसणं. यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो, आधी खांब ठेवला आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक लावलं, म्हणजे एक जागा बंद व्हायच्या आधी दुसरी उघडी होती.

वहीतल्या तीन वेळांना आत्या किंवा नात खांबाजवळ बसायच्या, चिमीनं पंजा लावला की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. तिचे पाय धरून खांबावर घासायचे नाहीत हे बजावून सांगितलं होतं, धरून केलेली गोष्ट मांजराला आवडत नाही. ऑनलाइन कॅटनिपही, म्हणजे मांजरं ज्याच्या वासाला भुलतात तो वाळलेला पाला, आणलं होतं पण चिमीवर काही परिणाम नाही, बऱ्याच मांजरांवर होत नाही, ते जन्मजातच असतं. शेजारच्या तेलुगू आजींनी मात्र बागेतलं एक तण मुळासकट उपटून आणलं, आपण त्याला खोकली म्हणतो, त्या कुप्पिंटाकु म्हणतात, त्याच्या मुळाच्या वासाला मांजरं भुलतात. ते मूळ खांबाच्या बुडाशी घासलं आणि चिमी अर्धा तास तिथं लोळत होती. मूळ तिला खायला दिलं नाही, घासून टाकून दिलं.

नखांची टोकं कापणं हे सूनबाईनं घेतलं. पुढच्या दोन पायांची दहा, दर दोन-तीन आठवड्यांनी, ती झोपाळलेली असताना, एका दिवसात दोनच. फक्त पुढचं पारदर्शक टोक, आतली गुलाबी शीर दिसते तिच्या बरंच अलीकडं. एकदा थोडं रक्त आलं तेव्हा कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं, थांबलं.

पहिल्या संध्याकाळी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यांचा फोन, मी झोपेतच उचलला, पलीकडून नुसता आवाज ऐकवला त्यांनी मला, खर्र खर्र खर्र, चादरीवरचा.

मधे झालेली एक चूक, माझी

तिसऱ्या आठवड्यात चादरीचे धागे लोंबायला लागले. मी सांगायला हवं होतं की वेळच्या वेळी कापा, नाही सांगितलं. नातीला चिमीच्या तोंडातून धागा लोंबताना दिसला. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, धागा तोंडात गेला की बाहेर येत नाही, आतच जातो, आणि लांब धागा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. पोरीनं ओढला नाही हे फार चांगलं झालं, ओढला तर आत आतडं कापू शकतं. लगेच डॉक्टरकडं नेलं, धागा छोटाच निघाला, तोंडातच होता. मी त्या रात्री जाऊन सगळे सैल धागे कापले, आणि दर रविवारी कापायचं ठरवलं.

शेवटी काय झालं

सहा आठवड्यांत सोफ्यावर नवीन ओरखडा नाही. चादर हळूहळू फाटत गेली, खालची घायपाताची दोरी उघडी पडत गेली आणि चिमी आपोआप दोरीवर आली. पावसाळ्यात प्लास्टिक काढलं. उजव्या हाताचं कापड मी बदलून दिलं, घट्ट विणीचं त्याच रंगाचं, कापड आणि मजुरी धरून २६०० रुपये, खांबाचा सगळा खर्च ९०० च्या आत. मामांनी सोडायचा विषय परत काढला नाही.

दिवाळीत मात्र एकदा गाडी घसरली. साफसफाईत तो फाटका खांब पाहुण्यांसमोर कसा ठेवायचा म्हणून गच्चीवर गेला. दोन दिवसांत सोफ्याच्या डाव्या हातावर धागे. फाटकेपणा हीच तिची खूण आहे, तिचा वास तिथंच आहे, त्यामुळं जुना खांब जितका वाईट दिसतो तितका तो मांजराला चांगला. खांब परत आणला, त्याच जागी, दुसऱ्या दिवसापासून सोफा सुटला. आता तो आठवड्याला दोन-तीन इंच असा सरकवत सरकवत खिडकीकडं नेतायत, घाई नाही.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी मी विचारेन की नवीन वस्तू यायच्या आधी मांजर कुठं खरवडत होतं. हा प्रश्न मी दीड महिना विचारलाच नाही, फोनवर फक्त "खांब हॉलमध्ये घ्या" एवढंच सांगत राहिले. पाडव्यालाच दिवाणाच्या चादरीचा तुकडा एखाद्या खांबाला बांधून त्या जागी ठेवला असता तर सोफा, आत्यांचे शिव्याशाप, नातीचे ते दोन दिवस, सगळं वाचलं असतं असं मला वाटतं. मांजर देताना मी आता खांबही सोबत देते, आणि घरात सोफा किंवा पलंग बदलणार असाल तर आधी फोन करा असं सांगते.

दुसरं, सोफा घेताना कापड हातात घेऊन बघायला हवं होतं. बोटाचं नख कापडावरून आडवं ओढा, कुठं अडकलं तर मांजराचं पण अडकणार. आता त्यांच्याकडं डायनिंगच्या चार खुर्च्या यायच्यात, मुलगा परवा दुकानात येऊन तीन कापडांचे तुकडे घेऊन गेला, जुन्या खुर्चीवर आठ-आठ दिवस बांधून बघणार आहे, आणि नातीनं त्यासाठी नवी वही काढलीय.